कृष्णेच्या वळणावर आमच्या काठाची जमीन तुटते आणि समोरची गाळाची मळी वाढते, असं का?

वळणावर दोन्ही काठांना पाण्याचा जोर सारखा नसतो, म्हणून. बाहेरच्या काठाला धार थडकते, पायथा पोखरते आणि वरची माती आपल्या वजनानं कोसळते. पूर ओसरताना तर जास्तच, कारण भिजून जड झालेल्या काठाला पाण्याचा आधार राहत नाही. आतल्या बाजूला वेग मंदावतो, शिवाय तळाचं पाणी तिकडेच सरकतं. ते वाळू-गाळ सोबत नेऊन टाकतं. तीच मळी.

हा गाळ मूळचा सह्याद्रीचा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसाल्ट ऊन-पावसानं कुजतो, त्याचा मुरूम आणि माती होते, ओढे ती खाली आणतात. कृष्णेचा उगम महाबळेश्वरला, १,३०० मीटरच्या वर; तिच्या काठची सांगली साधारण ५५० मीटर उंचीवर. उतार सरला की नदी रेंगाळते, वळणं घेते.

तुमच्या काठावरची झाडं-झुडपं कृपा करून काढू नका, मुळं माती धरून ठेवतात. आणि जवळपास वाळूउपसा होत असेल तर तक्रार कराच. पात्र खोल गेलं की काठ आणखी उभा होतो आणि लवकर ढासळतो.