वाचकांचे प्रश्न : नगरपरिषदेचे आरोग्य खाते हाती घेताना

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या सार्वजनिक आरोग्याच्या कामाविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची नावे व गावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमची नगरपरिषद ‘ब’ वर्गाची आहे. मी प्रथमच निवडून आले असून स्वच्छता, वैद्यक व सार्वजनिक आरोग्य समितीचे सभापतिपद माझ्याकडे आले आहे. अख्ख्या शहराला एकच स्वच्छता निरीक्षक आहेत. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस दोन प्रभागांत काविळीचे रुग्ण निघाले होते. सभेत मात्र सदस्यांची मागणी धुरळणीची, मोकाट कुत्र्यांच्या बंदोबस्ताची आणि घंटागाडी वेळेवर यावी हीच असते. वर्षभराचा कार्यक्रम आखायचा, तर आरंभ कोठून करावा?

उत्तर : सभापती महोदया, आपल्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आपण जाता जाता लिहिली आहे, ती म्हणजे काविळीचे रुग्ण. आरंभ तेथूनच करावा. साथीच्या काविळीला कारण ठरणारे हेपॅटायटिस ए आणि ई हे विषाणू मुख्यतः मैला मिसळलेल्या पाण्यातून पोटात जातात आणि संसर्ग झाल्यापासून डोळे पिवळे दिसू लागेपर्यंत साधारणतः दोन ते आठ आठवडे लोटतात. त्यामुळे दवाखान्यातून पहिला निरोप येतो, तोवर ज्या गळतीतून गटाराचे पाणी जलवाहिनीत शिरले ती गळती बहुधा बुजवून झालेली असते, त्या दिवशी घेतलेला पाण्याचा नमुना स्वच्छ निघतो आणि ‘पाण्यात दोष नाही’ असा खुलासा सभेपुढे ठेवला जातो. खुलासा खोटा नसतो, पण तो चुकीच्या तारखेच्या पाण्याविषयी असतो. मागच्या महिन्यात काय घडले हे सांगणारा पुरावा उरतो तो पाणीपुरवठा विभागाच्या गळती नोंदवहीत, आणि त्या वहीत पुष्कळदा ‘गळती काढली’ एवढाच शेरा असतो.

पहिल्याच बैठकीत ही वही मागवावी. गळतीची नेमकी जागा, तक्रार आल्याची तारीख आणि वेळ, दुरुस्ती पुरी झाल्याची तारीख आणि वेळ, आणि तेथे वाहिनी गटाराला लागून किंवा गटारातून जात होती का, एवढ्या नोंदी तीत यापुढे असाव्यात असा आग्रह धरावा. मागील वर्षाच्या जेवढ्या नोंदी सापडतील तेवढ्या शहराच्या नकाशावर टाकाव्यात आणि काविळीच्या रुग्णांची घरे त्याच नकाशावर दुसऱ्या रंगाने दाखवावीत. या कामाला निधी लागत नाही, निविदा लागत नाही. इचलकरंजीत २०१२ साली हेपॅटायटिस ईची मोठी साथ आली, तेव्हा तेथेही नगरपरिषदच होती. हा विषाणू गरोदर स्त्रियांच्या जिवावर उठतो, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत. तेव्हा त्या दोन प्रभागांतील आशा सेविकांना, अंगणवाडी सेविकांना या कामात पहिल्या दिवसापासून सोबत घ्यावे.

दुसरे काम रोजचे आहे. जलकुंभावर क्लोरिन तपासले जाते, पण लोक पाणी पितात ते वाहिनीच्या टोकाला. प्रत्येक जलकुंभाच्या वाहिनीवरचे सर्वांत शेवटचे दोन-तीन नळ ठरवून घ्यावेत आणि पाणी सुटल्यावर तेथे ओटी चाचणी व्हावी. परीक्षानळीत पाणी घेऊन ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकले की क्लोरिनच्या प्रमाणात पिवळा रंग येतो, तो तक्त्यावरच्या रंगांशी ताडून पाहायचा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार नळाच्या पाण्यात प्रतिलिटर किमान ०.२ मिलिग्रॅम उर्वरित क्लोरिन असावे लागते. टोकाला रंगच आला नाही तर लगेच जलकुंभाच्या निर्गमावर तीच चाचणी करावी. तेथेही रंग नसेल तर मात्रा कमी पडली आहे, आणि तेथे रंग भरपूर असून टोकाला शून्य असेल तर वाटेत क्लोरिन खाऊन टाकणारी घाण वाहिनीत शिरते आहे, असा संशय घेऊन त्याच दिवशी त्या गल्लीतल्या नळजोडण्या पाहाव्यात. आपल्याकडे पाणी दिवसातून तास-दोन तास येते, उरलेला वेळ वाहिनी रिकामी असते आणि दाब गेला की बाहेरचे पाणी आत ओढले जाते. गटारातून नेलेली जुनी, गंजलेली लोखंडी नळजोडणी ही अशा वेळी सर्वांत धोक्याची जागा ठरते. ही चाचणी स्वच्छता निरीक्षकांनीच करावी असे नाही. व्हॉल्व्ह सोडणारा कर्मचारी त्या वेळी तेथे असतोच, त्याला चाचणी शिकवावी आणि निरीक्षकांनी अधूनमधून अवचित जाऊन पडताळणी करावी.

आता अधिकारांविषयी. घटनेच्या बाराव्या अनुसूचीने पाणीपुरवठा, सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता आणि घनकचरा हे विषय नागरी संस्थांकडे सोपवण्याची तरतूद केली आहे आणि आपल्या १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमातही ही कर्तव्ये आहेत. परंतु सारेच आपल्या हातात नाही. हॉटेलांतल्या अन्नाच्या दर्जाची तपासणी अन्न व औषध प्रशासनाकडे आहे, कारखान्यांचे सांडपाणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आहे आणि कीटकजन्य आजारांचे मार्गदर्शन जिल्हा हिवताप अधिकाऱ्यांकडून मिळते. सभेत नागरिकांचा रोष आपल्यावर येतो आणि कारवाई दुसऱ्या कार्यालयाने करायची असते, हे या पदाचे दुखणेच आहे. प्रत्येक विषयासाठी कोणत्या कार्यालयाला लिहायचे आणि उत्तर किती दिवसांत आले, याचा एक पानाचा तक्ता समितीपुढे कायम असावा. अंमलबजावणीचे अधिकार मुख्याधिकाऱ्यांचे आहेत, पण समितीपुढे काय यावे याचा आग्रह सभापतींना धरता येतो. धुरळणीच्या मागणीआधी ‘टोकाच्या नळांवरील क्लोरिन आणि गळती दुरुस्तीस लागलेला वेळ’ हा विषय दर बैठकीत पहिल्या क्रमांकावर ठेवला, तर दोन-तीन महिन्यांत विभागाची वागणूक बदललेली दिसेल.

या संदर्भात सुरतेचे उदाहरण अजूनही अभ्यासण्यासारखे आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये तेथे प्लेगची साथ पसरली आणि लाखो लोक शहर सोडून गेले. त्यांत उधना-लिंबायत भागात राहणारी खानदेशातली कितीतरी कुटुंबे होती. पुढच्या वर्षी एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. त्यांनी शहराचे सहा विभाग पाडून प्रत्येक विभागप्रमुखाला निर्णयाचे आणि खर्चाचे अधिकार दिले, अधिकाऱ्यांना सकाळी कार्यालयाऐवजी रस्त्यावर पाठवले आणि जे दिसले त्याचा आढावा त्याच दिवशीच्या बैठकीत घेतला. कायदे बहुतांशी जुनेच होते. दोष दिसणे आणि त्यावर निर्णय होणे यांमधले अंतर मात्र आठवड्यांवरून तासांवर आले. महानगरपालिकेची यंत्रणा आपल्याकडे नाही हे खरे, पण किरकोळ दुरुस्तीसाठी लागणारी रक्कम आणि ती खर्च करण्याची मुभा कनिष्ठ अभियंत्याला आगाऊ मिळावी, एवढा प्रस्ताव मुख्याधिकाऱ्यांपुढे अवश्य मांडावा. पुष्कळ गळत्या दुरुस्तीच्या सामानापायी अडून राहतात, आणि तसे सभागृहात कोणी बोलत नाही.

कुत्री आणि घंटागाडी यांकडे दुर्लक्ष करा असे मी म्हणत नाही. कुत्र्यांच्या बाबतीत निर्बीजीकरण आणि रेबीज लसीकरण हाच नियमांत बसणारा मार्ग आहे. त्यासाठी स्वतंत्र तरतूद करावी लागेल.

प्रश्न : मी ग्रामसेवक आहे. पाण्याचे नमुने आम्ही नियमितपणे पाठवतो, पण अहवाल येईपर्यंत आठ-दहा दिवस जातात आणि तो ‘पिण्यास अयोग्य’ असा आला तरी तोवर गावाने ते पाणी पिऊन झालेले असते. मग या नमुन्यांचा उपयोग काय? टीसीएल (ब्लीचिंग पावडर) तर आम्ही रोज टाकतो.

उत्तर : प्रयोगशाळेचा अहवाल आजच्या पाण्यासाठी नसतोच. आपली रोजची पद्धत बरोबर चालली आहे की नाही, याची ती बाहेरून झालेली तपासणी आहे. आजचे पाणी सांभाळायचे ते ओटी चाचणीने. अहवाल अयोग्य आला आणि त्याच दिवशीच्या वहीत क्लोरिन ‘योग्य’ लिहिलेले असेल, तर वही घरी बसून भरली जाते आहे किंवा नमुना घेताना चूक झाली आहे, यांपैकी एक निश्चित समजावे. जिवाणू तपासणीची बाटली निर्जंतुक असते आणि पाण्यातला क्लोरिन निष्प्रभ करण्यासाठी तीत सोडियम थायोसल्फेट घातलेले असते. ती धुऊन वापरली, हाताचे बोट आत लागले किंवा नमुना बर्फाविना दिवसभर एसटीत फिरला, की अहवालाचा अर्थ जातो.

‘टीसीएल रोज टाकतो’ या वाक्यात मात्र थोडे थांबावे लागेल. टीसीएल पावडर ताजी असताना तीत सुमारे ३३ टक्के उपलब्ध क्लोरिन असतो. पोते उघडे राहिले, ओल लागली, पत्र्याच्या खोलीत ऊन लागले की तो उतरत जातो. एक लाख लिटरच्या टाकीला समजा प्रतिलिटर २ मिलिग्रॅम मात्रा द्यायची आहे, तर २०० ग्रॅम क्लोरिन लागेल. पावडरीत २५ टक्के क्लोरिन असेल तर ८०० ग्रॅम पावडर पुरेल, पण तो १५ टक्क्यांवर आला असेल तर १ किलो ३०० ग्रॅमहून अधिक लागेल. बहुतेक गावांत माप ठरलेले असते, एक डबा, आणि वर्षानुवर्षे तोच डबा टाकला जातो. पावडरीचा नमुनाही तपासणीला पाठवावा, जुने पोते आधी संपवावे आणि एका वेळी काही महिन्यांपुरतीच खरेदी करावी. घट्टसर लगदा करून पाण्यात कालवावा, चुना खाली बसू द्यावा, वरचे निवळ पाणी टाकीत सोडावे आणि त्यानंतर किमान अर्धा तास वितरण सुरू करू नये. पाणी गढूळ असेल तर क्लोरिनचे काम निम्मेही होत नाही, म्हणून पावसाळ्याच्या पहिल्या पुरानंतर आधी गढूळपणाकडे पाहावे.

वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर, स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण होऊन ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. हिरव्या कार्डासाठी धावपळ होते, हे ठीकच. पण विहिरीभोवतीची फुटकी फरशी, हातपंपाच्या कट्ट्याजवळचे डबके, उघडे राहिलेले व्हॉल्व्हचे खड्डे यांची जी यादी त्या पाहणीत निघते, ती कार्डापेक्षा मोलाची असते. ती ग्रामसभेत वाचून दाखवावी आणि बंधित (ठरावीक कामांसाठीच वापरायच्या) निधीच्या आराखड्यात तिला जागा द्यावी. टाकीत टीसीएल टाकणाऱ्या जलसुरक्षकाचे मानधन वेळेवर जाते का, हेही पाहावे. थकलेल्या मानधनावर कोणी पहाटे टाकीवर चढत नाही.

प्रश्न : डेंग्यूचे रुग्ण वाढले की नगरपरिषद धुराची गाडी फिरवते आणि आम्ही खिडक्या लावून घेतो. धुराने खरोखर काही होते का?

उत्तर : त्या क्षणी उडणारे काही डास मरतात, पाण्यातल्या अळ्यांना काहीही होत नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, घरातच कपड्यांमागे आणि पलंगाखाली विसावतो आणि स्वच्छ साठवलेल्या पाण्याच्या कडेला अंडी घालतो. ती अंडी कोरड्या भांड्यालाही महिनोन्‌महिने चिकटून राहू शकतात. अंड्यापासून डास व्हायला सुमारे आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून कडा घासायच्या असतात. रुग्ण आढळलेल्या घराभोवती धुरळणीला काही अर्थ आहे, शहरभर फिरणाऱ्या गाडीचा उपयोग मुख्यत्वे मतदारांना दिसण्यापुरता असतो.

नगरपरिषदेला विचारायचेच असेल तर घर निर्देशांक विचारा. तपासलेल्या दर शंभर घरांपैकी किती घरांत अळ्या सापडल्या, तो हा आकडा. २०० घरांपैकी १८ घरांत सापडल्या तर तो ९ येतो. प्रभागवार आणि दर आठवड्याचा हा आकडा फलकावर लागला, तर कोठे माणसे पाठवायची हे वेगळे सांगावे लागत नाही. ज्या भागात चौथ्या दिवशी पाणी येते, तेथे ‘कोरडा दिवस पाळा’ असे सांगणे लोकांना थट्टा वाटते आणि त्यांचे चूक नाही. तेथे पिंपांना घट्ट बसणारी झाकणे किंवा दुहेरी कापड, सिमेंटच्या हौदात गप्पी मासे आणि जेथे पाणी काढता येत नाही तेथे टेमिफॉस हे अळीनाशक, असे उपाय करावेत, आणि त्या भागाच्या पाण्याचे वेळापत्रक सुधारणे हे डेंग्यूच्या कार्यक्रमातच धरावे.

प्रश्न : आमचे गाव हद्दवाढीत महापालिकेत गेले. कर भरतो, पण पाणी अजून गावच्या विहिरीचेच येते. जबाबदार कोण?

उत्तर : समावेशाच्या दिवसापासून महापालिकाच. पुण्याच्या हद्दीत २०२१ मध्ये २३ गावे आली. त्यांपैकी नांदेड, किरकटवाडी यांसह सिंहगड रस्त्याच्या परिसरात जानेवारी २०२५ मध्ये गुइलेन-बॅरे सिंड्रोम या नसांवर परिणाम करून हातपाय लुळे पाडणाऱ्या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि त्या भागातल्या पाण्याकडे संशयाने पाहिले गेले. शुद्धीकरण केंद्राविना केवळ क्लोरिन टाकून विहिरीचे पाणी मोठ्या वस्तीला देण्यातली जोखीम त्या वेळी सगळ्यांना दिसली. आपण क्षेत्रीय कार्यालयाकडे लेखी तीन गोष्टी मागाव्यात : विहिरीच्या पाण्याचे मागील सहा महिन्यांचे जिवाणू तपासणीचे अहवाल, आपल्या गल्लीतील टोकाच्या नळावरील क्लोरिनची नोंद आणि शुद्धीकृत पाणी येण्याची नियोजित तारीख. उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. त्याला ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. तोवर पिण्याचे पाणी उकळी फुटेपर्यंत तापवून झाकून ठेवावे.