बोळातली सावली शिकायची कुठे?

‘मुलगी अकरावीत आहे, गणित-विज्ञान घेतलंय. मे महिन्यातल्या दुपारी सराफ्याचा बोळ सोसवतो आणि आमच्या नव्या कॉलनीतला रुंद रस्ता भाजतो, हे तिच्या डोक्यात बसलंय. रस्त्यावरच्या माणसाला त्रास होणार नाही अशा इमारती करायच्या, म्हणते. घरचे म्हणतात, सिव्हिल घे. असा कोर्स असतो का?’
– एक आई, रामबाग, इंदूर

ताई, बारावीनंतर नेमकी याच कामाची पदवी नाही. पण काम खरं आहे, आणि लेकीनं त्याचा गाभाच पकडलाय.

सूर्य अगदी माथ्यावर असतानाचा वेळ सोडला, तर बोळात दुपारी अंगावर ऊन नसतं, सावलीतल्या भिंतींची झळही कमी. म्हणून हवेचं तापमान फारसं वेगळं नसलं तरी तिथे बरं वाटतं. रात्री मात्र उलटं होतं. त्या भिंतींना आकाश जेमतेम दिसतं, त्यामुळे दिवसाची उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो. मोकळी कॉलनी लवकर निवते. ज्या शब-ए-मालवाचं, म्हणजे माळव्यातल्या गार रात्रीचं, आपल्याला एवढं कौतुक, ती रात्र राखून दुपारची सावलीही द्यायची, हे अवघड कोडं आहे. शिवाय वारा. उंच इमारत वरचा जोराचा वारा अडवून खाली रस्त्यावर उतरवते. लंडनच्या थंडीत तो नकोसा होतो. तिथल्या ‘सिटी’ भागात २०१९ पासून त्यासाठी मार्गदर्शक नियम आहेत. हाँगकाँगला २००३ च्या सार्सच्या साथीनंतर उलटी काळजी लागली: इमारतींच्या रांगेनं गल्ल्यांतला वारा कोंडू नये. माझ्या मते इंदूरला हाँगकाँगकडून जास्त शिकता येईल.

सिव्हिलबद्दल स्पष्टच सांगते. तिथे इमारत उभी कशी राहील ते शिकवतात. तिचा आकार बहुधा आर्किटेक्ट ठरवतो. म्हणून बी.आर्क., म्हणजे आर्किटेक्चरची पदवी, पाच वर्षं. भोपाळच्या एसपीए आणि मॅनिट या संस्थांसाठी जेईई मेनचा आर्किटेक्चरचा पेपर, इतर बऱ्याच कॉलेजांसाठी नाटा ही आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा. पुढे अर्बन डिझाइन किंवा इमारतींच्या ऊर्जेचा अभ्यास. अहमदाबादचं सेप्ट विद्यापीठ त्यासाठी चांगलं. चित्रकला चांगली म्हणून भौतिकशास्त्राकडे दुर्लक्ष करू देऊ नका, इथे तेच कामाला येतं.

पगाराचंही सांगायला हवं. सुरुवातीची वर्षं ओढाताणीची असतात. आपल्याकडे २००७ मध्ये आलेली इमारतींची ऊर्जा संहिता, म्हणजे नियमावली, मुख्यतः इमारतीतल्या विजेचा हिशेब मांडत आली, बाहेरच्या फुटपाथचा नाही. त्यामुळे निव्वळ या कामाच्या नोकऱ्या थोड्या. आर्किटेक्टची प्रॅक्टिस सांभाळूनच ते करावं लागेल. हे तिला आत्ताच कळू द्या.

आणि एक करा. २२ डिसेंबरला दुपारी साडेबाराच्या सुमारास गच्चीवर एक मीटरची काठी सरळ उभी करून सावली मोजायला सांगा. मीटरभराहून किंचित जास्त भरेल. २१ जूनला ढग नसले तर त्याच वेळी सेंटिमीटरभरच उरेल. जूनच्या भर दुपारी इमारतीची सावली रस्त्यावर पोचतच नाही, मग तिथे काय लावायचं, यावर तिला वहीत चार चित्रं काढू द्या. ती वही घेऊन दोघी या.