वॉलेट स्वतःच्या हाताने उघडा, सेंटरवाल्याच्या नाही

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. तुम्ही दारव्ह्याजवळच्या गावात राहून वेबसाइटची कामं करता, बाहेरदेशीचा एक ग्राहक यापुढे पैसे यूएसडीसीत, म्हणजे डॉलरइतक्याच किमतीच्या क्रिप्टो नाण्यात देतो म्हणतो आणि त्यासाठी ब्राउझरमध्ये मेटामास्क हे क्रिप्टो वॉलेट टाकायचं आहे. तालुक्याला सेवा केंद्र चालवणारा मित्र म्हणतो, ‘तू कायले टेन्शन घेतं, मी लावून देतो.’ त्याला लावू द्यावं का, वॉलेटची किल्ली असलेले बारा शब्द कुठे ठेवावे आणि गावातल्या दोघातिघांचे पैसेही यातूनच गुंतवावे का, असं तुम्ही विचारलंय.

पहिल्याचं उत्तर नाही असं आहे. मित्र कितीही सज्जन असला तरी नाही.

सविस्तर सांगण्याआधी एक तातडीचं. असा प्रश्न विचारला की लगेच खासगी मेसेज सुरू होतात. कोणी स्वतःला मेटामास्कचा सपोर्ट म्हणवेल, कोणी ‘वॉलेट व्हेरिफाय करा’ म्हणून लिंक देईल, कोणी एनीडेस्क, म्हणजे दुरून तुमचा संगणक चालवू देणारं ॲप, लावायला सांगेल. एकालाही उत्तर देऊ नका. मीसुद्धा तुम्हाला खासगीत मेसेज करणार नाही. माझ्या नावाने आला तरी तो खोटा समजा.

आता मुद्दा. आपल्या भागात ऑनलाइन काम म्हणजे दुसऱ्याच्या हातून करून घ्यायचं काम. पीक विमा, सातबारा, शिष्यवृत्ती, पीएम किसानची केवायसी, सगळं सेंटरवर होतं. ओटीपी आपण मोठ्याने वाचून दाखवतो, पासवर्ड सेंटरवाल्याच्याच वहीत असतो. ते चालून जातं, कारण त्यामागे तहसील असते, बँक असते. गडबड झाली तर अर्ज देता येतो, खातं दुरुस्त होतं. वॉलेटच्या मागे असं कोणीच नसतं. मेटामास्क बनवणाऱ्या कंपनीकडेही तुमची किल्ली नसते. ज्याने ते बारा शब्द एकदा पाहिले, तो दोन वर्षांनीही, कुठल्याही गावातून, तुमच्या लॅपटॉपला हात न लावता सगळी रक्कम काढू शकतो. मित्र पाहणार नाही असं धरलं, तरी सेंटरच्या संगणकावर दिवसभर लोकांचे पेनड्राइव्ह लागतात, त्यात काय शिरलंय हे त्यालाही माहीत नसतं.

म्हणून स्वतःचा लॅपटॉप. त्यातही पाहायची गोष्ट म्हणजे विंडोज कुठून आलं. तालुक्याच्या दुकानात फॉरमॅट मारताना बहुधा ॲक्टिव्हेटर टाकून विंडोज आणि ऑफिस फुकट चालू करून देतात, आणि तो चालावा म्हणून अँटिव्हायरस बंद करतात. 2021 मध्ये केएमएसपिको या अशाच ॲक्टिव्हेटरच्या बनावट प्रतींतून क्रिप्टबॉट नावाचा व्हायरस पसरवला जात होता. ब्राउझरमधले पासवर्ड आणि क्रिप्टो वॉलेटं चोरणं हेच त्याचं काम. तुमचा लॅपटॉप असा तयार झाला असेल तर आधी तो साफ करा. परवान्याचं विंडोज परवडत नसेल तर विंडोजऐवजी उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टीम टाका, ते फुकट आहे आणि वेबसाइटच्या कामालाही उत्तम चालतं. इथे घाई करू नका. पुढची सगळी काळजी या पायावर उभी आहे.

मग क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये वेगळी प्रोफाइल काढा आणि तिच्यात वॉलेटशिवाय एकही एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) ठेवू नका. व्हिडिओ डाउनलोड करणारी, कूपन शोधणारी एक्स्टेंशनं उघडलेलं प्रत्येक पान वाचायची आणि बदलायची परवानगी मागून घेतात. ती तुमच्या रोजच्या प्रोफाइलमध्येच राहू द्या. मेटामास्क गूगलवर शोधू नका, कारण वर दिसणाऱ्या जाहिरातींत नकली पानं सापडली आहेत. ॲड्रेसबारमध्ये मेटामास्क डॉट आयओ हे स्वतः टाइप करा आणि तिथल्याच बटणावरून स्टोअरमध्ये जा. वापरणाऱ्यांचा आकडा काही हजारांचाच दिसला तर ते खोटं आहे, परत फिरा.

नवीन वॉलेट काढताना पासवर्ड मागेल. हा पासवर्ड फक्त त्या ब्राउझरपुरता असतो. तो विसरलात तरी बारा शब्दांवरून वॉलेट परत उभं करता येतं. शब्द गेले आणि लॅपटॉपही बिघडला, तर पासवर्ड पाठ असून उपयोग नाही. खाली उत्तरांत बरेच जण पासवर्ड जपा म्हणून सांगतील. तो जपाच, पण जीव त्या शब्दांत आहे. गूगल खात्याने वॉलेट उघडायचा पर्याय दिसला तर तो सोडा आणि शब्दांचाच निवडा. जीमेल गावात तीन फोनवर उघडं असतं.

हे बारा शब्द 2048 इंग्रजी शब्दांच्या ठरलेल्या यादीतून येतात. ती यादी अशी बांधली आहे की पहिली चार अक्षरं सारखी असलेले दोन शब्द तिच्यात नाहीत. म्हणजे पुढचं अक्षर पुसट झालं तरी पहिली चार वाचता आली की शब्द सापडतो. म्हणून इंग्रजीतच, सुट्या आणि मोठ्या अक्षरांत, एक ते बारा क्रमांक घालून बॉलपेनने लिहा. उच्चाराप्रमाणे मराठीत लिहू नका, स्पेलिंग परत जुळवताना घोळ होतो.

फोटो काढायचा नाही. स्वतःलाच व्हॉट्सॲप करायचं नाही, ड्राइव्हमध्ये ठेवायचं नाही. फोटो आपोआप क्लाउडवर जातो, आणि 2025 च्या सुरुवातीला कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीने स्पार्ककॅट नावाचा प्रकार उघड केला: काही ॲप फोनच्या गॅलरीतले फोटो वाचून त्यातले हेच शब्द शोधत होते. त्यातली काही प्ले स्टोअरवरची आणि ॲपलच्या स्टोअरवरचीही होती.

कागद कुठे ठेवायचा हे आपल्या घरांच्या हिशेबाने ठरवा. आपल्याकडे कागदाचे वैरी दोन, गळणारं छप्पर आणि वाळवी. दोन प्रती करा, प्रत्येक प्लास्टिकमध्ये घट्ट बंद करा. एक तुमच्या घरी लोखंडी कपाटात, दुसरी दुसऱ्या गावी, बहिणीकडे किंवा सासरी, पाकीट चिकटवून. रक्कम वाढली की स्टीलच्या पट्टीवर कोरा. भांड्यांवर नाव घालायचं हातयंत्र मिळतं, ते मागून आणा आणि घरी बसून स्वतः कोरा. दुकानदाराकडून कोरून घेतलं तर शब्द त्याला कळले. आणि घरातल्या एका तरी माणसाला, बायकोला किंवा वडिलांना, हा कागद कशाचा आहे ते सांगून ठेवा. तुम्हाला काही झालं तर ती रक्कम काढायचा दुसरा मार्ग नाही.

आता बहुतेक जण गाळतात ती पायरी. एक पैसाही येण्याआधी वॉलेटचा पत्ता लिहून घ्या, एक्स्टेंशन काढून टाका, पुन्हा टाका आणि कागदावर पाहून बारा शब्द भरा. तोच पत्ता दिसला तर कागद खरा. नाही दिसला तर आत्ता कळलं, आणि काही गेलं नाही. हे केल्याशिवाय ग्राहकाला पत्ता देऊ नका.

तुमचा पत्ता शून्य आणि एक्सने सुरू होतो, पुढे चाळीस अक्षरं-आकडे असतात. इथेरियम, पॉलिगॉन, बेस, आर्बिट्रम ही क्रिप्टोचे व्यवहार चालणारी वेगवेगळी नेटवर्कं; या सगळ्यांवर तोच पत्ता चालतो, पण एका नेटवर्कवर आलेले पैसे दुसऱ्यावर दिसत नाहीत. ‘आले नाहीत’ अशा बहुतेक तक्रारी इथल्या असतात. म्हणून ग्राहकाशी आधी नेटवर्क ठरवा. तो ट्रॉन नावाचं नेटवर्क म्हणाला तर नाही म्हणा. ट्रॉनचे पत्ते टी अक्षराने सुरू होतात, तुमच्या या पत्त्यावर ते पैसे येत नाहीत. दुसरी अडचण गॅसची, म्हणजे व्यवहारासाठी नेटवर्क घेतं त्या शुल्काची. यूएसडीसी पुढे पाठवायला त्या नेटवर्कचं नाणं थोडं तरी लागतं: इथेरियम आणि बेसवर ईथर, पॉलिगॉनवर पीओएल. ते नसेल तर यूएसडीसी दिसत राहते, हलत नाही. पहिल्यांदा ग्राहकाकडून पाच-दहा डॉलरच मागवा, ते रुपयांपर्यंत नेऊन पाहा, मग मोठी रक्कम. मध्ये लाइन गेली तरी घाबरू नका: एकदा पाठवलेला व्यवहार लॅपटॉप बंद पडल्याने अर्धवट राहत नाही. पत्ता इथरस्कॅन या इथेरियमचे व्यवहार दाखवणाऱ्या पानावर किंवा त्या नेटवर्कच्या तशाच पानावर टाकला की स्थिती कळते.

पैसे पाठवताना पत्ता जुन्या व्यवहारांच्या यादीतून उचलू नका. चोर तुमच्या नेहमीच्या पत्त्यासारखीच पहिली-शेवटची अक्षरं असलेला पत्ता तयार करतात आणि त्यावरून नगण्य रक्कम पाठवून तुमच्या यादीत शिरतात. मे 2024 मध्ये एकाने असा पत्ता उचलून 1,155 डब्ल्यूबीटीसी (बिटकॉइनच्या किमतीचं टोकन, म्हणजे क्रिप्टो नाणं), सुमारे 6.8 कोटी डॉलर, चोराला पाठवले. बरीचशी रक्कम पुढे परत मिळाली, पण ती चोराने दिली म्हणून. पत्त्याची मधली अक्षरंही ताडून पाहा.

यानंतरचा धोका सहीचा. हल्ली बरीच वॉलेटं रिकामी होतात ती शब्द चोरीला न जाता, मालकाने स्वतः बटण दाबल्यामुळे. एखादी वेबसाइट ‘कनेक्ट’ मागते तेव्हा तिला फक्त तुमचा पत्ता आणि शिल्लक दिसते. ‘अप्रूव्ह’ मागते तेव्हा ती तुमच्या यूएसडीसीतून रक्कम काढायचा हक्क मागत असते, आणि बऱ्याचदा तो हक्क अमर्याद असतो. सावकाराने कोऱ्या स्टॅम्पपेपरवर अंगठा घ्यावा तसंच हे आहे: आकडा तो नंतर भरणार. मेटामास्कच्या त्या खिडकीत मर्यादेचा आकडा बदलता येतो. लागेल तेवढाच टाका. काही वेळा फक्त संदेशावर सही मागतात, गॅसही लागत नाही, म्हणून ती बिनधोक वाटते. तशा सहीतूनही खर्चाचा हक्क देता येतो. खिडकीत ‘परमिट’ किंवा ‘स्पेंडिंग कॅप’ दिसलं आणि तुम्ही तसं काही मागितलं नसेल, तर नाकारा. आधी दिलेले हक्क रिव्होक डॉट कॅशवर पाहता येतात आणि रद्दही करता येतात. वॉलेटमध्ये अनोळखी टोकन आपोआप आलं तर त्याला हात लावू नका, विकायचा प्रयत्नही नको. त्याच्यासोबतच्या वेबसाइटवर तुम्हाला नेण्यासाठीच ते पाठवलेलं असतं.

खरं तर तुम्हाला यातलं फारसं लागणारच नाही. तुमचं काम पैसे घेणं आणि रुपये करणं एवढंच आहे. मग हे वॉलेट कुठल्याही वेबसाइटला जोडूच नका. प्रयोग करायची हौस असेल तर दुसरं वॉलेट काढा, त्याचे शब्द वेगळे.

रुपये करताना वित्त मंत्रालयाच्या एफआययू या संशयास्पद आर्थिक व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या विभागाकडे नोंद असलेल्याच एक्स्चेंजवर, म्हणजे क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या कंपनीकडे करा, आणि ते तुमचं नेटवर्क घेतं का हे आधी पाहा. टेलिग्रामवर कोणी जास्त भाव देतो म्हणून त्याला विकू नका. त्याने पाठवलेले रुपये दुसऱ्या कोणाच्या फसवणुकीचे निघाले तर पोलिसांच्या पत्रावर तुमचं बँक खातं गोठतं. पीककर्ज आणि विम्याचे पैसे ज्या खात्यात येतात ते या कामाला अजिबात वापरू नका, वेगळं खातं काढा. करही समजून घ्या: क्रिप्टो विकून झालेल्या नफ्यावर 1 एप्रिल 2022 पासून 30 टक्के आणि वर उपकर, तोटा दुसऱ्या कशातूनही वजा होत नाही, 1 जुलै 2022 पासून विक्रीच्या रकमेवर 1 टक्का टीडीएस. तुमची कामाची कमाई म्हणून तिच्यावरचा कर वेगळा. प्रत्येक वेळी आलेली तारीख, रक्कम आणि त्या दिवसाचा रुपयातला भाव वहीत लिहा आणि मार्चआधी सीएकडे जा. बाहेरदेशीचं पेमेंट असं घेण्याबद्दलही त्यांनाच विचारा. माझं मत विचाराल तर ग्राहक बँकेतून पाठवायला तयार असेल तर तेच घ्या. थोडं कमिशन गेलं तरी कागद सरळ राहतात.

शब्द कोणाला दिसले असा नुसता संशय आला तरी पासवर्ड बदलत बसू नका, त्याने काही होत नाही. लगेच नवीन वॉलेट काढून सगळं तिकडे हलवा. चोरी झालीच तर त्याच तासात 1930 वर फोन करा, सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार नोंदवा आणि व्यवहाराचा क्रमांक जपून ठेवा. पैसे एक्स्चेंजपर्यंत पोचले असतील तर तिथे अडवता येण्याची शक्यता असते.

राहिला गावातल्या लोकांच्या पैशाचा प्रश्न. घेऊ नका. तुमच्या वॉलेटमध्ये आलेलं सगळं तुमचंच दिसतं, कर तुमच्या नावावर लागतो आणि भाव पडला तर सोयाबीनचा चुकारा ज्याने दिला तो तुमच्याच दारात उभा राहील, आणि त्याचं बरोबर असेल. ‘गेनबिटकॉइन’ ही फसवी योजना आठवत असेल. दीड वर्षं महिन्याला 10 टक्के देऊ म्हणून लोकांचे बिटकॉइन गोळा केले होते, 2018 मध्ये पुणे पोलिसांनी अटका केल्या. तीसुद्धा ओळखीच्या माणसांतूनच गावोगाव पसरली होती. त्या दोघातिघांना खरंच शिकायचं असेल तर मेटामास्कमध्ये सेपोलिया नावाचं सरावाचं नेटवर्क आहे, तिथल्या ईथरला किंमत नसते आणि ते फुकट मिळतं. एखाद्या रविवारी त्यांना त्यांच्याच लॅपटॉपवर बसवा, शब्द लिहिणं, वॉलेट पुसून परत आणणं, एकमेकांना पाठवणं हे सगळं त्यांच्याच हाताने करून घ्या, आणि ते शब्द लिहीत असताना तुम्ही खोलीबाहेर थांबा.