पवनचक्कीची तीन पाती वेगवेगळी कशाला वळवायची?

प्रश्न : मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. वारा वाढला की पवनचक्कीची तिन्ही पाती एकदमच स्वतःभोवती वळतात आणि स्पीड कंट्रोलमध्ये राहतो, इथपर्यंत कळलं. पण मोठ्या टर्बाइनमध्ये म्हणे प्रत्येक पात्याचा अँगल वेगळा ठेवतात, त्याने वीज वाढते का? आणि सारखं वळवून बेअरिंग झिजणार नाही का?

उत्तर : वीज वाढत नाही, उलट कधी कधी किंचित कमीच होते. हे सगळं मशीन जास्त वर्षं टिकावं म्हणून, आणि माझं स्पष्ट मत आहे की मोठ्या रोटरला (पात्यांच्या चक्राला) हे हवंच.

अमेरिकेतल्या एनआरईएल या ऊर्जा प्रयोगशाळेचं 5 मेगावॉटचं रेफरन्स मॉडेल (अभ्यासासाठीची नमुना टर्बाइन) घ्या, रोटरचा व्यास 126 मीटर, हब म्हणजे पाती जोडलेला मधला भाग 90 मीटरवर, म्हणजे पात्याचं टोक वर गेलं की 153 मीटरवर आणि खाली आलं की 27 मीटरवर. हबपाशी वारा सेकंदाला 12 मीटर असला तर मोकळ्या सपाट जागी वर साधारण 13 आणि खाली 10. त्यात टॉवरसमोरून जाताना वारा अडतो, कधी तो तिरका येतो, कधी झोत एकाच बाजूला लागतो, म्हणून प्रत्येक फेरीत पातं कमी-जास्त वाकतं, आणि मिनिटाला 12 फेऱ्या धरल्या तर सलग चालणाऱ्या टर्बाइनमध्ये 20 वर्षांत हे साडेबारा कोटी वेळा होतं!

पात्याच्या फायबरग्लासचं फटीग गणित, म्हणजे पुन्हापुन्हा वाकून थकण्याचं गणित, फार कडक असतं, नुकसान ताणाच्या साधारण दहाव्या घाताने वाढतं, म्हणजे ताणातला चढउतार नुसता 10 टक्के कमी केला तरी नुकसान जवळपास एक तृतीयांशावर येतं. एवढ्यासाठी पाती दोन-तीन अंश मागेपुढे करणं परवडतं.

आता करतात कसं, तर पात्याच्या मुळाशी ते किती वाकतंय हे मोजणारे स्ट्रेन सेन्सर असतात, त्यांचं तीन पात्यांचं रीडिंग घेऊन रोटरच्या अँगलप्रमाणे त्याचे दोनच आकडे करायचे, रोटर वर-खाली किती झुकवला जातोय आणि डावी-उजवीकडे किती. हे ट्रान्सफॉर्म, म्हणजे आकड्यांचं रूपांतर, हेलिकॉप्टरच्या अभ्यासातून आलंय आणि मला त्यातली गंमत ही वाटते की पात्यावर जो लोड प्रत्येक फेरीला वरखाली होतो तोच इथे जवळजवळ स्थिर दिसतो, त्यामुळे साधे दोन पीआय कंट्रोलर (आताची चूक आणि साठत गेलेली चूक पाहून दुरुस्ती करणारे) पुरतात आणि मग त्यांचं उत्तर उलटं फिरवून तीन पात्यांचे तीन अँगल मिळतात. याच विषयावरचा बोसानी यांचा 2003 चा पेपर जरूर वाचा. पात्याच्या स्वतःच्या वजनाने जो कडेच्या दिशेचा लोड येतो त्यावर मात्र याचा फारसा उपयोग नाही.

बेअरिंगची शंका रास्त आहे. पातं वळवणाऱ्या अ‍ॅक्चुएटरची धावपळ कितीतरी वाढते, शिवाय थोड्याशाच मागेपुढे हालचालीत ग्रीस बाजूला सरकतं आणि बेअरिंगची धाव (गोळ्या फिरतात ती खाच) खराब होते. म्हणून हे चोवीस तास चालवत नाहीत, रेटेड वाऱ्याच्या (ज्या वाऱ्याला टर्बाइन पूर्ण वीज देऊ लागते त्याच्या) आसपास हळूहळू चालू करतात, अँगलला लिमिट ठेवतात, आणि सेन्सर बिघडला की लगेच तिन्ही पाती पुन्हा एकत्र वळवायची सोय हवीच.

प्रोजेक्ट करणार असाल तर ओपनफास्ट हे टर्बाइनचं सिम्युलेशन सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात हेच मॉडेल चालवा आणि मुळाशी लोड किती घटला याच्या शेजारी पिच बेअरिंग (ज्यावर पातं वळतं ते) एकूण किती अंश फिरलं तेही मोजा, नुसता पहिला ग्राफ लावून थांबू नका.