मोठ्या बदलांनी माणूस आजारी पडतो की रोजच्या कटकटींनी?

दोन्हींनी, पण कटकटींना कमी लेखू नका. मानसोपचारतज्ज्ञ होम्स आणि राहे यांनी १९६७ मध्ये आयुष्यातल्या ४३ घटनांना ताणानुसार गुण दिले: जोडीदाराचा मृत्यू १००, घटस्फोट ७३, लग्नसुद्धा ५०! वर्षाची बेरीज ३०० च्या वर गेली की आजारपणाचा धोका वाढतो, मात्र हा संबंध तसा सैलच. १९८१ मध्ये मानसशास्त्रज्ञ कॅनर, लाझारस आणि सहकाऱ्यांना मानसिक लक्षणांचा अंदाज किरकोळ त्रासांवरून अधिक चांगला येताना दिसला. घटस्फोट एकदाच होतो. कोर्टाच्या फेऱ्या, पैशांची ओढाताण, अपुरी झोप महिनोन्‌महिने चालते. ताण असा रेंगाळला की प्रतिकारशक्ती मंदावते, रक्तदाब वाढू शकतो. दोन आठवडे रोज रात्री त्रास, झोपेचे तास आणि लक्षणे लिहा. सर्वांत जास्त वेळा आलेला त्रास आधी हाताळा. छातीत दुखलं तर मात्र ताण समजून थांबू नका, लगेच डॉक्टरांना गाठा.