तीन गुणांचा फरक

प्रिय पोरा,

शनिवारी रात्री दीडला आलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. आठ सामने, सात पराभव, आणि शेवटच्या मिनिटाला तुझी ३८ यार्डांची किक उजव्या खांबाबाहेरून गेली. आईला कळवलं नाहीस ते ठीक. ती अजून मलाच विचारते, अमेरिकेत चेंडू हातात धरून पळतात त्याला फुटबॉल का म्हणायचं!

कोल्हापुरात पेठेचा संघ शाहू स्टेडियमवर हरला की आठवडाभर टपरीवर ऐकून घ्यावं लागतं, पण बोलणारे ओळखीचे असतात. इकडे किक चुकलेल्या किकरशी कुणी बोलतच नाही. ते जास्त लागतं, माहीत आहे मला. शिकत असताना मी एका कॉलेज संघाचं सामान सांभाळायचो. सामना संपला की लॉकर रूममध्ये घोट्यांवरून कापलेल्या पांढऱ्या टेपचा खच पडायचा. जिंकल्यावर पोरं तिचे गोळे करून एकमेकांना मारायची. हरल्यावर ती मी मुकाट्यानं झाडायचो.

कोलंबिया विद्यापीठ सलग ४४ सामने हरलं आणि ८ ऑक्टोबर १९८८ ला प्रिन्स्टनविरुद्ध १६-१३ असं जिंकून त्यातून सुटलं. कॅन्सस स्टेट विद्यापीठ जवळपास तीन वर्षं एकही सामना जिंकलं नव्हतं. १९८९ मध्ये बिल स्नायडर नवा कोच म्हणून आला आणि नॉर्थ टेक्सासला २०-१७ हरवलं, तेही अगदी शेवटच्या चालीवर. दोन्हीकडे फरक तीनचा, म्हणजे खांबांमधून गेलेल्या एका किकचा, एका फील्ड गोलचा. त्या सीझनला स्नायडरच्या खात्यात पडलं काय? एक विजय, दहा पराभव. आज तिथल्या स्टेडियमला त्याच्या कुटुंबाचं नाव आहे.

तुझी किक मी चारदा पाहिली. स्नॅपरनं मागे फेकलेला चेंडू खाली आला, तो तुझ्यासाठी जमिनीवर धरणाऱ्या होल्डरला शिवण पुढे फिरवायला जमलं नाही आणि तू घाई केलीस. सगळा खेळ जेमतेम सव्वा सेकंदाचा, आणि तोही तिघांचा. म्हणून सोमवारी एकट्यानं शंभर किका हाणत बसू नकोस. त्या दोघांना घेऊन फिल्म बघ. आधी तुझं काय चुकलं ते सांग, मग तेही बोलतील.

दुसऱ्या कॉलेजच्या संघात जायच्या ट्रान्सफर पोर्टलचं सीझन संपल्यावर बोलू. जाऊ नकोस असं म्हणत नाही, फक्त रात्री दीडला ठरवू नकोस.

आईनं पाठवलेली कांदा-लसूण चटणी माझ्याकडे आलीय, उद्या तुझ्या पत्त्यावर टाकतो. होल्डरला जेवायला बोलाव. त्याला वाढताना बेतानं वाढ.

तुझा,
काका