कुंदा बेळगावात, लाइक नागपुरातून

प्रश्न: मी बेळगावच्या शहापुरात घरीच कुंदा (आटवलेल्या दुधाची मिठाई) करून विकते. फेसबुकवर २,००० रुपये घालून पोस्ट बूस्ट केली, म्हणजे पैसे भरून जास्त लोकांना दाखवली. लाइक आले ते पुण्या-नागपूरचे. गिऱ्हाईक एकच, तेही शेजारच्या गल्लीतलं. काय चुकलं?

उत्तर: ताई, कुंद्याचं काही चुकलं नाही, नकाशाचं चुकलं. बूस्ट करताना 'ठिकाण' आहे तसंच सोडलं असणार. तिथे बेळगाव निवडा, फार तर खानापूर घाला. आधी रोज १०० रुपये, चारच दिवस. मजकूर मराठीत आणि कन्नडमध्येही लिहा. आपल्याकडे गिऱ्हाईक दोन्हीकडचं.

फोटोला बंद डबा नको. कढईत दूध आटून तपकिरी होतंय, उलथन्याला कुंदा चिकटलाय, असा २० सेकंदांचा व्हिडिओ घ्या. (मी एकदा सजवलेल्या ताटाचा फोटो टाकला, तर लोकांनी ताट कुठे मिळतं ते विचारलं!)

व्हॉट्सॲप बिझनेस फुकट आहे. कॅटलॉगात पाव किलोचा भाव लिहाच, 'भावासाठी मेसेज करा' हे लोकांना आवडत नाही. ब्रॉडकास्टचा, म्हणजे एकदम अनेकांना धाडलेला, निरोप मात्र ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. डब्यावर एफएसएसएआय (अन्नसुरक्षा नोंदणी) क्रमांकाशेजारी तुमचा व्हॉट्सॲप नंबर ठळक छापा, आणि डबा हातात देतानाच म्हणा, "नंबर सेव्ह करा हं."